आधी ओहम, मग आवाज

ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस गिटारवर पैसे घालतो, पेडलवर घालतो, उरलेच तर अ‍ॅम्पवर. स्पीकरची पेटी मात्र मिळेल ती चालवून घेतो. साउंडवाल्याकडे धूळ खात पडलेली, कुणी विकायला काढलेली, नाहीतर पीएचा जुना टॉप. सोलापुरात आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालत आलं. पण तारेचा आवाज शेवटी हवेत सोडतो तो कागदाचा कोनच. आणि अ‍ॅम्प टिकतो की जळतो, हेही पुष्कळदा पेटीच ठरवते.

एप्रिलमधला जयंतीचा कार्यक्रम होता, मोकळ्या मैदानात स्टेज. त्या दिवसांत इथे पारा चाळिशीपार जातो आणि दिवेलागणीनंतरही स्टेजचा पत्रा गरमच असतो. आमचा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा. त्याच्या पाठीवर स्वच्छ छापलेलं, किमान 8 ओहम. पेटी भाड्याची, बारा इंची दोन स्पीकरची, आणि तिच्या पट्टीवरही 8 ओहम. म्हणजे जोडी जमलेली. मध्यंतरानंतर गिटारचा आवाज फाटायला लागला, मग नुसती घुरघुर, मग तीही बंद. ऑक्टोपॅडवाल्याने अ‍ॅम्पच्या मागे हात नेला आणि झटक्यात काढून घेतला. "मशीन पेटलंय का काय हो?"

दुरुस्ती करणाऱ्या मामांनी दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प बाजूला सारला आणि आधी पेटी आणायला लावली. मल्टीमीटर लावला तर आकडा 3.2. "मालक, ही आठची पेटी नाही. चारची आहे." मागची फळी उघडल्यावर उलगडा झाला. मूळ स्पीकर 16 ओहमचे होते. तसे दोन पॅरलल जोडले की 8 होतात, पट्टी तेव्हाची. पुढे कधीतरी कोन बदलले गेले आणि कॉइल बसली 8 ओहमची, कारण बाजारात तीच सहज मिळते. दोन आठ पॅरलल म्हणजे चार. पट्टीवरचा आकडा कुणी बदललाच नाही. आउटपुटचे ट्रान्झिस्टर दुप्पट करंट ओढत राहिले, त्यात उन्हाळा, आणि मध्यंतरापर्यंत तग धरला हेच पुष्कळ.

तेव्हापासून पेटी बघताना मी क्रम ठरवून टाकलाय : ओहम, वॅट, जागा, आणि शेवटी कान. रंग, कापड, बिल्ला यांचा नंबर त्याच्याही नंतर.

ओहम मोजायला इंजिनिअर असावं लागत नाही. पेटीला स्पीकरची वायर लावा आणि दुसऱ्या टोकाच्या पी-38 पिनच्या टोकाला आणि दांड्याला मीटरच्या दोन काड्या टेकवा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतो, त्याने दचकू नका. 8 ओहमला साडेसहाच्या आसपास, 4 ला तीन-साडेतीन, 16 ला बारा-तेरा. यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर आत कुणाचा तरी हात फिरलाय असं समजा. हिशेबही सोपा आहे. सारखे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ओहम निम्मे, सिरीजला दुप्पट. आठाचे चार स्पीकर दोन-दोन सिरीजला आणि त्या दोन जोड्या पॅरलल केल्या की पुन्हा आठच.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला छापील आकड्याच्या खाली न्यायचं नाही. वर गेलात तर नुकसान नाही, फक्त ताकद कमी मिळेल. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं तसं नाही. त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून सिलेक्टर आठवर असेल तर पेटी आठाचीच हवी. आणि स्पीकर न जोडता तो वाजवायचा तर कधीच नाही. लोडच नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज प्रचंड चढतं आणि वायंडिंगच जातं. स्टेजवर पिन काढघाल करायची असेल तर आधी अ‍ॅम्प बंद करा.

वॅटच्या बाबतीत लोकांचा गोंधळ उलटा असतो. जास्त वॅटचा स्पीकर म्हणजे मोठा आवाज, असं नसतं. तो आकडा स्पीकर किती सोसेल हे सांगतो. व्हॉल्व्हचा 30 वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण फाडून वाजवला की छापील आकड्याच्या पुढे जातो, म्हणून त्याला साठेक वॅट सोसणारी पेटी द्यावी. आवाज किती मोठा येईल ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून. सेलेस्टियनचा जी-12-टी-75 एका वॅटला एक मीटरवर 97 डेसिबल देतो आणि व्हिंटेज 30 देतो 100. हा तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखा. महागडा मोठा अ‍ॅम्प घेण्याआधी स्पीकरचा हा आकडा बघा, पुष्कळ पैसे वाचतील.

आता जागा. मागून उघडी पेटी आणि बंद पेटी, या दोन जाती. फेंडरच्या ट्विनसारखे कॉम्बो मागून उघडे. साठच्या दशकात जिम मार्शलने लंडनमध्ये गाजवलेली चार बाराची पेटी बंद. बंद पेटीचा आवाज समोर सरळ जातो, खालचे सूर घट्ट आणि ठोसेदार येतात. ऐकायला मर्दानी वाटतं. पण आपल्या ऑर्केस्ट्रात ढोलकीचा धुमा आहे, ऑक्टोपॅडचा किक आहे, बेस गिटार आहे. त्या गर्दीत गिटारचाही खालचा ठोसा घुसला की सगळाच चिखल होतो आणि निवेदकापासून गायकापर्यंत सगळे गिटारवाल्याकडे बघायला लागतात. आमच्या गाण्यांना, कीबोर्डच्या शेजारी बसून स्वच्छ कॉर्ड द्यायला, मला मागून उघडी पेटीच बरी वाटते. मात्र तिचा निम्मा आवाज मागे जातो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात तो भिंतीवर आपटून परत येतो, रंगमंच भरतो. मांडवात मागे नुसतं कापड असलं की तो निघून जातो आणि गिटार पातळ वाटते. सगळे कार्यक्रम उघड्यावर होत असतील किंवा बँड रॉक-मेटलचा असेल तर बंद पेटी घ्या.

आकाराचा मोह आवरा. चार बाराची पेटी पस्तीस किलोच्या पुढे जाते. रिक्षात मावत नाही, तिला टेम्पोच लागतो. आजकाल स्टेजवर पेटीपुढे माइक लावतातच, लोकांपर्यंत आवाज पीए नेतो. शिवाय उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, सवलतीचे दिवस वर्षात मोजकेच. अशा कामाला बारा इंची एक स्पीकर पुरतो. तो खुर्चीवर किंवा खोक्यावर चढवा आणि थोडा वर कलवा. गिटारच्या स्पीकरचा टोकदार आवाज नाकासमोर सरळ जातो. पेटी जमिनीवर असली की तुमच्या गुडघ्यांना तो ऐकू येतो आणि पहिल्या रांगेचे कान फाटतात.

पीएचा टॉप गिटारच्या अ‍ॅम्पला जोडू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर मुद्दाम गळतो आणि डिस्टॉर्शनची कडवट किनार तिथेच छाटली जाते. पीएचा हॉर्न ती सगळी बाहेर फेकतो, मग सोलो म्हणजे चिडलेलं आग्यामोहोळ. मल्टिइफेक्ट थेट मिक्सरला देत असाल तर त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन चालू ठेवा. खऱ्या गिटारच्या पेटीत वाजवताना ते बंद करा. उलट चूकही करू नका. बेस गिटारची खालची तार 41 हर्ट्झला वाजते, गिटारचा कोन तिच्या धक्क्यांसाठी बनलेला नसतो.

वायरीत कंजुषी नको. गिटारची शिल्डेड वायर आणि स्पीकरची वायर, दोन्हींची पिन सारखीच दिसते, पण गिटारच्या वायरीतली मधली तार केसासारखी बारीक असते. अ‍ॅम्प ते पेटी दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर लावा आणि तिला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात गफलत होत नाही.

पेटी सुताराकडून करून घेणं आपल्याकडे सहज जमतं. 18 मिलिमीटरचा चांगला प्लायवूड, सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण एका पावसाळी कार्यक्रमात कोपरे फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. पुढचं कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारा, आरपार गेली पाहिजे. सोलापुरी चादर लावायची हौस कुणालाही होईल, दिसेलही झकास, पण ती अर्धा आवाज आतच ठेवेल.

जुनी पेटी घेताना आपली गिटार, आपला अ‍ॅम्प, मीटर आणि दीड व्होल्टचा सेल घेऊन जा. कोनावर दोन्ही हातांची बोटं पसरून हलकेच दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासतेय. सेल क्षणभर वायरीला टेकवा, दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक पुढे, एक मागे गेला तर जोडणी उलटी आहे, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतील. मग खालच्या तारेपासून एकेक पडदा चढत मोठ्या आवाजात वाजवा. कुठे पत्रा किंवा फळी किणकिणली तर विचारा. फळी उघडून दाखवायला जो का-कू करतो, त्याची पेटी स्वस्त असली तरी घेऊ नये.

आणि तुमच्या पेटीत कधी नवा कोन, नवी कॉइल बसवलीत तर त्याच दिवशी जुनी पट्टी खरवडून टाका. मीटरने मोजून नवा आकडा आणि तारीख मार्करने ठळक लिहा. ती पेटी उद्या भाड्याने जाईल, विकली जाईल, आणि तिला जोडला जाणारा अ‍ॅम्प बहुधा आपल्यातल्याच कुणाचा तरी असेल.