पीएचपीची मुदत संपलीय, आधी ते बघ

अगं, लोणच्या-मसाल्यांचे फोटो इतके सुरेख टाकतेस, दर सणाला वेबसाईटची मांडणी बदलतेस आणि सर्व्हरवर वेबसाईट चालवणारं पीएचपी मात्र अजून ७.४ च! विचारलं की म्हणतेस, "ताई, चालतेय ना वेबसाईट? मग कशाला हात लावायचा?" त्यासाठीच आज जरा निवांत बोलू या.

चालतेय हे खरं. पण ७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी काही बंद पडत नाही, म्हणूनच आपण गाफील राहतो. त्या तारखेनंतर सापडलेली भोकं बुजवायची जबाबदारी पीएचपीवाल्यांनी सोडलेली असते. उलट नव्या आवृत्तीत काय दुरुस्त केलं ते सगळ्या जगासमोर जाहीर होतं, त्यामुळे जुनीत कुठून शिरायचं हे चोराला आयतंच कळतं. आणि "माझं एवढंसं दुकान, कोण येतंय इथे?" हे तर मनातून काढूनच टाक. कोणी माणूस बसून तुझं दुकान निवडत नाही. आपोआप चालणारे प्रोग्राम रात्रंदिवस एकामागून एक पत्ते ठोठावत असतात आणि जिथे जुनं सापडेल तिथे घुसतात. तुझ्याकडे गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, घरचे पत्ते आहेत. त्यांनी ते तुझ्या भरवशावर दिलेत गं.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. त्यांच्या एका वेबसाईटखाली अपाचे स्ट्रट्स हे सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या भोकावरची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली, फुकट उपलब्ध होती. त्यांनी ती त्या वेबसाईटला लावली नाही. मे महिन्याच्या मध्यात चोर आत शिरले आणि जुलैच्या अखेरीपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. चोरांनी फार मोठी विद्या वापरली असं नाही. दुरुस्ती हाताशी असताना दोन महिने ती लावायची राहिली, एवढंच झालं.

तुझ्या हातात नेमकं काय आहे, ते सांगते. तुझं शेअर्ड होस्टिंग आहे, म्हणजे लिनक्स आणि अपाचे वेब सर्व्हर होस्टिंगवाला सांभाळतो. पीएचपीची आवृत्ती मात्र बहुतेक ठिकाणी तुलाच सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये निवडावी लागते. काही होस्टिंगवाले जुन्या पीएचपीला स्वतःच ठिगळं लावत राहतात. तुझा लावतो का, हे त्याला लेखी विचार, गृहीत धरू नकोस. ८.१ सुद्धा आता निवडू नकोस, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. ८.३ ला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, ८.४ ला त्याच्या पुढे एक वर्ष. पुढेमागे स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतलास तर लिनक्सपासून सगळं तुझ्याच गळ्यात, हे लक्षात ठेव.

आता भीतीचं बोलू, कारण तुझं घोडं तिथेच अडलंय. आवृत्ती बदलली आणि वेबसाईट पांढरी पडली तर? पडू शकते. तुझी वेबसाईट वर्डप्रेसवर आहे, आणि त्याच्या जुन्या थीममध्ये, प्लगिनमध्ये अशी फंक्शन्स असतात जी पीएचपी ८ मध्ये काढून टाकलीत. म्हणून थेट चालू दुकानावर हात घालायचाच नाही. आधी बॅकअप: फायलींचाही आणि डेटाबेसचाही, आणि तो त्याच सर्व्हरवर नाही, खाली उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर. मग स्टेजिंग, म्हणजे वेबसाईटची चाचणीची प्रत. त्यावर पहिल्यांदा वर्डप्रेस, थीम, प्लगिन ताजे कर, मग पीएचपी बदल. स्वतः एक खोटी ऑर्डर टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत जा, एरर लॉग उघडून बघ. दोन-तीन वर्षं ज्या प्लगिनला कोणी हात लावलेला नाही तो काढ, त्याची माया धरू नकोस. सगळं नीट चाललं की मग खऱ्या दुकानावर, तेही रात्री उशिरा, सणाच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नाही. आणि तरीही काही अडलंच तर सीपॅनेलमधून पुन्हा ७.४ करता येतं, यादीत ती अजून असेल तोवर. तेवढी वाट उघडी असते.

डेटाबेसला मात्र अशी परतीची वाट नाही. डेटाबेसचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल ५.७ वरून ८ वर गेलं की ते मागे फिरत नाही, बॅकअपवरूनच परत उभं करावं लागतं. आणि इथे आपल्या मराठीची खास काळजी घ्यायची. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. जुन्या वेबसाईटींच्या डेटाबेसवर पुष्कळदा भलताच कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लिहिलेला असतो. रोजच्या वापरात ते कळत नाही, पण दुसरीकडे नेताना 'कैरीचं लोणचं'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. अक्षरं खरोखर प्रश्नचिन्हं होऊन साठवली गेली तर ती परत येत नाहीत. म्हणून बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नकोस. तो चाचणीच्या प्रतीत उघड आणि मराठी मजकूर डोळ्यांनी वाच, जोडाक्षरांसकट.

आणखी एक, जरा कडू वाटेल. वेबसाईट करून देणाऱ्या मुलावर सगळं सोडून बसू नकोस. तो चांगला असेल, पण उद्या दुसऱ्या नोकरीला जाईल. होस्टिंगचं खातं, डोमेन, त्यांचे पासवर्ड तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर हवेत. काम त्याच्याकडून करून घे, पैसेही नीट दे. वर्षाच्या देखभालीचे पैसे देणं हा वायफळ खर्च नाही, दुकानाच्या भाड्याइतकाच तो गरजेचा आहे. पण आवृत्ती कुठली आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे मालकिणीला पाठ असायला हवं.

आज संध्याकाळी वर्डप्रेसमध्ये साइट हेल्थ उघड, पीएचपीचा आकडा एकदा स्वतः बघ आणि मला कळव. रविवारी मी मोकळी आहे, चाचणीची प्रत आपण दोघी मिळून करू.