माळढोक : कोरड्या मातीचा मानकरी



प्रत्येक राज्याचा एक पक्षी असतो. आपल्या महाराष्ट्राचा हरियल. राजस्थानने १९८१ साली हा मान गोडावणाला दिला. आपण मराठीत त्याला माळढोक म्हणतो.

मला प्रश्न पडला, राजस्थानात मोर पुष्कळ, मग हाच काऊन निवडला? माहिती वाचल्यावर उलगडा झाला. माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते, तरी तो उडतो. तो झाडावर बसत नाही, घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि उन्हातान्हात ते राखते. टोळ, किडे, सरडे, बिया, बोरे, जे मिळेल त्यावर तो भागवतो. वाळवंटातली माणसेही अशीच थोडक्यात भागवणारी आणि चिवट. म्हणून हा पक्षी त्यांना आपला वाटतो.

आपले शेगावही खारपाण पट्ट्यात आहे. जमिनीतले पाणी खारे, शेती पावसाच्या भरवशावर. तेव्हा माळढोक आपल्यालाही सोयरा वाटायला हरकत नाही. विदर्भात तो वरोरा भागात दिसत असे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले.

पण मान मिळाला म्हणून पक्षी वाचला का? नाही. देशात आता जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. आधी शिकार झाली. मग माळ नांगरले गेले. आता विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार नीट दिसत नाही, आणि जड अंगामुळे चटकन वळताही येत नाही.

मोठी माणसे म्हणतात, "ई-क्लासची पडीत जमीन काय कामाची हाये?" मला वाटते, ती कामाची आहे. तिथे गुरे चरतात. टिटवी, तितर, चंडोल तिथेच जमिनीवर अंडी घालतात. ज्याला आपण पडीत म्हणतो, ते कुणाचे तरी घर असते. म्हणून तिथले गवत पेटवू नका. अंडी दिसली तर हात न लावता दुरूनच निघून या.

सांगा पाहू :
१. माळढोकाला विजेच्या तारेचा धोका का असतो?
२. आपल्या गावच्या माळावर कोणते पक्षी दिसतात? घरी आजोबांना विचारा, पूर्वी कोणते दिसत होते?