अर्धशक्ती आणि हृदयगती : सायकल-ट्रेनरवरील इंटरव्हल व्यायामाची मात्रा

व्यायामाचा उपदेश करताना आचार्यांनी मात्रेला विशेष महत्त्व दिले आहे. मात्रायुक्त व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य व अग्निदीप्ती प्राप्त होते. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात, हे आपणांस विदित आहेच. सांप्रत शहरांतील काही रुग्ण आपल्या सायकलीचे मागील चाक ट्रेनरच्या स्टँडवर बसवून घरातच ती चालवितात. छातीच्या पट्ट्यावर वा मनगटी घड्याळावर हृदयगती पाहत ते इंटरव्हल व्यायाम, म्हणजे आळीपाळीने तीव्र व मंद टप्पे, करतात आणि ‘किती ठोक्यांपर्यंत जावे?’ असे वैद्यास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर अर्धशक्तीच्या संकल्पनेतून कसे देता येते, ते पाहू.

शास्त्रोक्त लक्षणे

वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीने, अन्य ऋतूंत त्याहून कमी व्यायाम सांगितला आहे. सुश्रुतांच्या मते श्वास मुखावाटे होऊ लागणे हे बलार्धाचे लक्षण होय. ललाट, नासा, कक्षा व संधी येथे स्वेद आणि मुखशोष ही लक्षणेही सांगितली आहेत. म्हणजेच मर्यादा व्यक्तीच्या देहावर दिसते; ती सर्वांस एक नाही.

सूत्रांचे गणित

कमाल हृदयगतीसाठी २२० उणे वय हे सूत्र प्रचलित आहे. २००१ साली तनाका व सहकाऱ्यांनी २०८ उणे वयाच्या ०.७ पट हे सूत्र मांडले. त्यानुसार ५० वर्षांच्या रुग्णाची कमाल गती १७३ येते. विश्रांतीची गती ७० धरल्यास मधले अंतर १०३. त्याचा अर्धा भाग ७० मध्ये मिळविला असता सुमारे १२२ ठोके होतात. परंतु ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींत २० ठोक्यांचाही फरक आढळू शकतो.

नॉर्वेतील ट्राँडहाइम येथे २००७ साली हृद्दौर्बल्याच्या २७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ४ मिनिटांचे ४ टप्पे देऊन उत्तम लाभ दिसला. आपल्या उदाहरणात ही गती १५६ ते १६४ होईल. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील २६१ रुग्णांच्या अभ्यासात मध्यम सलग व्यायामाहून हा प्रकार श्रेष्ठ ठरला नाही. देखरेख असूनही तीव्र गटातील सुमारे निम्मे रुग्ण ठरविलेल्या गतीपर्यंत पोहोचले नाहीत. आकडा लिहून दिला म्हणजे मात्रा साधली, असे नव्हे.

विधी

आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम १० मिनिटे संथ सायकल चालवावी. नंतर दर २ मिनिटांनी भार किंचित वाढवावा. ज्या क्षणी रुग्णास मुखावाटे श्वास घ्यावा लागतो व पूर्ण वाक्य सलग बोलता येत नाही, त्या वेळची हृदयगती नोंदवावी. हाच त्या रुग्णाचा स्वतःचा आकडा. पुढे २ मिनिटे त्या गतीपर्यंत व ३ मिनिटे संथ, असे ४ टप्पे, एक दिवसाआड, आठवड्यातून ३ वेळा करावेत. शेवटी ५ ते १० मिनिटे गती हळूहळू उतरवावी. ६ आठवड्यांनी पुन्हा नोंद घ्यावी. बल वाढले असता त्याच हृदयगतीला अधिक भार पेलतो. ट्राँडहाइम पद्धतीची तीव्रता हृद्रोगतज्ज्ञांकडून ताणचाचणी करून घेतल्यावरच विचारात घ्यावी.

सावधानता

भार वाढताच हृदयगती वाढत नाही. तिला एक-दोन मिनिटे लागतात. त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यात आकडा पाहून जोर वाढविणे घातक ठरते. घरात वारा लागत नसल्याने उष्णता व स्वेदामुळे तोच भार असूनही गती चढत जाते. पंखा व पाणी आवश्यक.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालू औषधे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे हृदयगती वाढू देत नाहीत. असा रुग्ण सूत्रातील १५६ चा पाठलाग करू लागला, तर अर्धशक्ती केव्हाच ओलांडलेली असते. मधुमेही रुग्ण इन्सुलिनही घेत असल्यास साखर उतरल्याची धडधड या औषधांमुळे जाणवत नाही. औषध स्वतःहून बंद करण्यास मात्र कदापि सांगू नये. ही औषधे नेणाऱ्या ग्राहकास ‘व्यायाम कोणता करता?’ एवढे औषधालयचालकांनी विचारले, तरी मोठा अनर्थ टळू शकेल.

उरःशूल, भ्रम, अनियमित ठोके वा अकस्मात थकवा जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. ज्वर, अजीर्ण व वातपित्तप्रधान व्याधींत हा व्यायाम वर्ज्य समजावा.

सारांश, यंत्रावरील आकडा हा साक्षीदार आहे, निर्णय लक्षणांचा. वैद्यबंधूंनी आपल्या रुग्णांत मुखश्वासाच्या वेळची हृदयगती, ऋतू, प्रकृती व चालू औषधे यांची नोंद ठेवल्यास मात्रेचा उपदेश अधिक नेमका होईल, असे आम्हांस वाटते.