उन्हाने पोळलेल्या देहाची शुश्रूषा
(श्रीअंबरनाथाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांसाठी आरोग्यपाठ)

वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले श्रीअंबरेश्वराचे हे प्राचीन शिवालय शिलाहार राजांच्या काळातील आहे. येथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० या वर्षाचा निर्देश आहे. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की भर उन्हाळ्यातही शीतलता जाणवते. परंतु त्या शीतल गाभाऱ्यापर्यंतची वाट उन्हातून जाते. महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविक तासन्‌तास रांगेत उभे असतात. दर्शनाच्या ओढीने त्या वेळी उन्हाचे भान राहत नाही. त्रास जाणवतो तो घरी परतल्यावर, रात्री अंथरुणावर पाठ टेकताना. म्हणून प्रत्येक यात्रेकरूने हा विषय नीट समजून घेणे हितावह आहे.

कातडी का पोळते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते त्वचेतील पेशींना इजा करतात. ती इजा भरून काढण्यासाठी शरीर त्या जागी अधिक रक्त पाठवते. त्यामुळे कातडी लाल, गरम व हुळहुळी होते. ही लक्षणे तत्काळ दिसत नाहीत. साधारणतः तीन ते पाच तासांनी दाह सुरू होतो आणि बारा ते चोवीस तासांत तो सर्वाधिक होतो. सौम्य दाह दोन-तीन दिवसांत ओसरतो व पुढे चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पापुद्रे सुटू लागतात.

सावळ्या वर्णास ऊन बाधत नाही, ही समजूत चुकीची आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही अंशी रक्षण करते, पूर्ण नव्हे. अशा त्वचेवर लाली ठळक दिसत नाही; मात्र ती जागा स्पर्शास गरम लागते, ताणल्यासारखी वाटते आणि झोंबते. हीच तेथील खूण समजावी.

उन्हाची वेळ कशी ओळखावी?

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, असे आपण मानतो. परंतु आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरविलेली असून अंबरनाथ त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. त्यामुळे महाशिवरात्रीच्या सुमारास येथील खरे मध्याह्न पाऊण वाजण्याच्या आसपास होते. उन्हाची धार पारखण्याची सोपी रीत म्हणजे आपली सावली पाहणे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण प्रखर आहेत असे समजावे. फाल्गुनाच्या तोंडाशी ही स्थिती साधारणतः सकाळी साडेदहा ते दुपारी तीनपर्यंत असते. वैशाखात तिचा काळ अधिक लांबतो.

श्रावणी सोमवारी येणाऱ्यांनी ढगाळ आकाशावर विसंबू नये. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो, आणि अतिनील किरणांचा मोठा भाग पातळ ढगांतून खाली पोहोचतो.

प्रथमोपचार

१. प्रथम सावलीत जावे. दाह जाणवू लागल्यावर पुन्हा उन्हात उभे राहू नये.

२. पोळलेल्या भागावर साधे थंड पाणी दहा-पंधरा मिनिटे सोडावे, किंवा सुती पंचा भिजवून, हलका पिळून ठेवावा. दिवसातून अनेक वेळा असे करावे. वैशाखात शिवलिंगावर गळती बांधतात. तिची धार बारीक, पण अखंड असते. दाह शमविण्याचे तत्त्वही तेच आहे. बर्फ मात्र कातडीवर लावू नये. बधिर झालेल्या त्वचेस त्याने आणखी इजा होते.

३. अंग न घासता टिपून घ्यावे. किंचित ओलसर त्वचेवरच कोरफडीचा गर, कॅलामाईन लोशन किंवा सुगंधरहित मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावावे. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी धुऊन टाकावा, कारण तो खाजरा असतो.

४. पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी किंवा पन्हे थोडे थोडे, वारंवार घ्यावे. घाम फार गेला असल्यास जलसंजीवनी उत्तम. पाकीट न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. उपवास असणाऱ्यांनी निदान पाणी तरी वर्ज्य करू नये.

५. वेदना असह्य असल्यास पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेता येते. इतर वेदनाशामके वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. लहान मुलांना अॅस्पिरिन देऊ नये.

काय करू नये?

तूप, लोणी अथवा तेल ताज्या दाहावर चोपडू नये. त्याने उष्णता कोंडते. टूथपेस्ट झोंबते. हळदीच्या लेपाने जखमेचा रंग झाकला जातो व डॉक्टरांना पारख करणे कठीण होते. लिंबाचा रस तर मुळीच लावू नये. तो अंगावर असताना ऊन लागल्यास त्वचा अधिकच भाजते. उटणे, साबण व खरखरीत घासणी काही दिवस दूर ठेवावी. फोड आल्यास फोडू नयेत. फोडाचे आवरण हीच निसर्गाने बांधलेली स्वच्छ पट्टी होय. सुटू लागलेले पापुद्रे ओढू नयेत. त्वचा भरून येईपर्यंत सैल सुती कपडे वापरावेत आणि तो भाग उन्हापासून झाकावा; नवी कातडी नाजूक असते.

अनवाणी पायांची काळजी

आपले हे शिवालय काळ्या पाषाणाचे आहे. काळा दगड ऊन शोषून घेतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. पादत्राणे बाहेर ठेवून चालणाऱ्या भाविकांचे तळवे त्यावर भाजू शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी येथे विशेष सावध असावे. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंदावते. चटका बसतो, पण कळत नाही. सायंकाळी मोजा किंवा चप्पल काढताना फोड दिसतो, आणि तीच जखम पुढे चिघळू शकते. अशा भाविकांनी सकाळी लवकर किंवा सायंकाळी दर्शन घ्यावे, शक्य तेथे जाड सुती मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर तळवे स्वतः पाहावेत अथवा घरच्यांना पाहण्यास सांगावे. तळवा भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा, स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकावा आणि मधुमेही व्यक्तीने त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी?

अंगावर बरेच फोड आले, चेहरा सुजला, ताप वा हुडहुडी भरली, उलट्या होऊ लागल्या, फोडातून पू आला किंवा तान्हे मूल पोळले, तर घरगुती उपचारांवर विसंबू नये. काही प्रतिजैविके व रक्तदाबावरील काही गोळ्या यांमुळे त्वचेला ऊन लवकर बाधते. नित्य औषधे घेणाऱ्यांनी याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

कातडीचा दाह आणि उष्माघात या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही एकाच उन्हात घडतात. असंबद्ध बोलणे, झोकांड्या जाणे, शुद्ध हरपणे, अंग अतिशय तापणे ही उष्माघाताची चिन्हे होत. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हाचा तडाखा बसून १४ श्रीसदस्यांना प्राण गमवावे लागले. ते स्थळ येथून दूर नाही. अशा रुग्णास तत्काळ सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी अथवा तीर्थ घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

निघण्यापूर्वी

डोक्यावर टोपी, पदर वा उपरणे, अंगात दाट विणीचे पूर्ण बाह्यांचे सुती वस्त्र, सोबत छत्री व पाण्याची बाटली असावी. मान, कान, नाक व पावलांचा वरचा भाग हे बहुधा विसरले जातात. सनस्क्रीन वापरणाऱ्यांनी तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचे घ्यावे, बाहेर पडण्यापूर्वी सुमारे पंधरा-वीस मिनिटे लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सहा महिन्यांखालील बालकांना थेट उन्हात आणूच नये.

दात्यांस विनंती

तहानलेल्यास पाणी देणे हे आपल्याकडे थोर पुण्य मानले आहे. पाणपोई, जलसंजीवनीची पाकिटे, रांगेच्या वाटेवर काथ्याच्या पायघड्या आणि तात्पुरती सावली हीदेखील शिवसेवाच होय. मंदिर पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असल्याने असा मंडप परवानगीने आणि प्राचीन वास्तूस कोठेही न टेकवता उभारावा. रांगेत वृद्ध, गर्भवती व लेकुरवाळ्या भगिनींना पुढे जाऊ देणे, यास तर काहीच खर्च लागत नाही.

देह सुस्थितीत असेल तरच यात्रा सुफळ होते. श्रीअंबरेश्वर आपणा सर्वांस निरामय आरोग्य देवो.