लोणारचं खारं पाणी सोरायसिसला चालेल का?

प्रश्न : मृत समुद्राच्या काठी लोक कातडीचे आजार घालवायला जातात म्हणे. आपलं लोणारचं सरोवरही खारंच. तिथे आंघोळ केल्याने सोरायसिसला उतार पडेल का? की आपली जवळची वज्रेश्वरीची गरम कुंडंच बरी?
— एक वाचक, नंदाखाल

उत्तर : लोणार बघायला जरूर जा, आंघोळीला नको. पाणी दोन्हीकडे खारं असलं तरी खार वेगळा आहे.

मृत समुद्रात क्षार सुमारे 34 टक्के, साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट, आणि त्यात मॅग्नेशियम भरपूर. त्याने खवले मऊ पडतात. शिवाय ती जागा समुद्रसपाटीपासून 400 मीटरहून खोल. हवेचा जास्तीचा थर ओलांडून तिथे पोचेपर्यंत उन्हातली भाजणारी किरणं बरीच गाळली जातात, त्यामुळे रुग्णाला उन्हात जास्त वेळ बसता येतं. गुण येतो तो पाणी आणि ऊन दोन्हींमुळे. तरी आजार पुन्हा उलटू शकतो.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या सुमारे 1.8 किलोमीटर रुंद विवरात आहे. पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. वसईच्या मिठागरात उन्हाने पाणी आटून मीठ उरतं, तसा इथे मिठाबरोबर सोडाही साठत गेला. धुण्याच्या सोड्यात असतो तोच, सोडियम कार्बोनेट. या पाण्याचा पीएच 10 च्या आसपास, आपल्या त्वचेचा 5 ते 6. अशा सोड्याच्या पाण्याने त्वचेचं तेल निघून गेलं की सोरायसिसची कोरडी कातडी आणखी चरचरते. पूर्वी या खाराला मागणी होती ती साबण आणि काच करणाऱ्यांची. ‘ऐन-ए-अकबरी’तही तशी नोंद आहे. भाविक आंघोळ करतात ती विवराच्या कडेवरच्या धारातीर्थाच्या गोड्या पाण्याखाली.

आता वज्रेश्वरीबद्दल. तिथली आणि अकलोली-गणेशपुरीची तानसाकाठची कुंडं खोल जमिनीत तापून भेगांतून वर येणाऱ्या पाण्याची. त्या उबेने आखडलेले सांधे मोकळे होतात, पण कडक पाण्याने सोरायसिसची खाज वाढू शकते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका बसलेलाही कळत नाही. आधी हाताने पाणी बघा, तोही बधिर असेल तर दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. अंगावर उघडी जखम असेल तर उतरूच नका, आणि कुंडाच्या भरवशावर डॉक्टरांचं मलम बंद करू नका.