मासे नसलेला हौद कसा राखावा?



बागेत हौद असला की बागेला शोभा येते. त्यात कमळ फुलते, कडेला बेडूक बसतो, दुपारी चिमण्या आणि मधमाश्या पाणी प्यायला येतात. पण हौद बांधणे सोपे, राखणे अवघड. पाणी भरून ठेवले आणि विसरून गेले, तर पंधरा दिवसांत तो हौद राहत नाही, डासांचा कारखाना होतो. म्हणून हौदाची निगा कशी ठेवावी ते मी या लेखात लिहिणार आहे. ज्या हौदात मासे नाहीत अशाच हौदाविषयी मी लिहिणार आहे.

मासे का नाहीत?

पुष्कळजण विचारतात, "हौदात गप्पी मासे का सोडत नाही? ते डासांच्या अळ्या खातात की!" ते खरेच आहे. आरोग्य खात्याची माणसे विहिरीत आणि डबक्यात गप्पी मासे सोडतात ती याच कारणाने. पण बागेतल्या लहान हौदाचे तसे नाही. उन्हाळ्यात त्याचे पाणी फार तापते आणि मासे मरतात. हौद धुवायचा झाला की त्यांना कुठे ठेवायचे हाही प्रश्न पडतो. शिवाय गप्पी मासे बेडकाची अंडी आणि लहान पिल्लेपण खातात. गप्पी मासा मूळचा आपल्या देशातला नाही, दक्षिण अमेरिकेकडचा आहे. पावसात हौद भरून वाहिला तर तो ओढ्यात जातो आणि तिथल्या जिवांना त्रास होतो.

म्हणून मासे नसले तरी चालते. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मासे नसले की माशांचे काम आपल्याला करावे लागते. मासा रोज काम करतो, त्याला रविवार नाही की दिवाळीची सुट्टी नाही. आपल्याला निदान आठवड्याला एकदा तरी केले पाहिजे.

निसर्गातले बिनमाशांचे हौद

आपल्या सातारा जिल्ह्यात निसर्गानेच असे हौद केलेले आहेत. कासच्या पठारावर खडकात जिथे खोलगट जागा आहे तिथे पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात आटून जाते. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत. तरी तिथे बेडूक असतात, चतुर उडतात आणि नाना रंगांची फुले येतात. सीतेची आसवे नावाचे एक निळे-जांभळे फूल तिथे ओल्या जागी येते. ते झाड गमतीदार आहे. त्याच्या मुळासारख्या भागावर बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते पाण्यातले अगदी बारीक जीव पकडून खाते. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले.

म्हणजे मासे नसलेले पाणी वाईट असते असे नाही. पण कासचे पाणी दर साल आटते आणि खडक कोरडा पडतो. आपला हौद आपण सारखा भरत असतो. तो आपोआप कोरडा पडत नाही आणि आपोआप साफही होत नाही.

डासाचे आठ-दहा दिवस

डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते. अळी पाण्यात वळवळते, चार-पाच दिवस खाऊन मोठी होते. मग तिचा कोष होतो. कोष स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. दोन दिवसांनी कोषातून डास उडतो. गरम हवेत हे सगळे आठ-दहा दिवसांत उरकते. आपण दर सात दिवसांनी अळ्या काढल्या तर डास उडायच्या आत संपतो. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असे जे सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

डासामुळे हिवताप होतो हे पूर्वी कुणाला ठाऊक नव्हते. खराब हवेने ताप येतो असे लोक समजत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून २० ऑगस्ट हा डास दिवस पाळतात.

डास ओळखायची खूण अशी. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला आडवी पडून राहते. डेंग्यूच्या डासाची अळी डोके खाली करून तिरकी लोंबकळते. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणून 'आमचे पाणी स्वच्छ आहे' एवढ्याने भागत नाही. त्याची मादी पाण्याच्या जरा वर, ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी आले की फुटतात. तेव्हा नुसते पाणी ओतून उपयोग नाही, भिंत घासली पाहिजे.

दर आठवड्याचे काम

१) पाण्यावर पडलेली पाने, फुले, काड्या टोपलीने काढाव्यात. पान पाण्यात बुडाले की कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, तळाला काळा गाळ होतो आणि घाण वास सुटतो.

२) अळ्या गाळून काढाव्यात. तारेच्या कड्याला जुन्या मच्छरदाणीचे कापड शिवले की चांगली गाळणी होते. आपली सावली पडली की अळ्या झटकन तळाला जातात. म्हणून कडेला गप बसावे, त्या श्वास घ्यायला वर आल्या की हळूच गाळणी घालावी. काढलेल्या अळ्या कोरड्या मातीवर उन्हात टाकाव्यात. गटारात टाकू नयेत, तिथे त्या जगतात.

३) गाळणीत दुसरे जीव आले तर ते परत पाण्यात सोडावेत. बेडूकमाशाला गोल डोके आणि लांब शेपूट असते. त्याच्या नावात मासा आहे, पण तो बेडकाचे पिल्लू आहे. तपकिरी रंगाचे, सहा पायांचे, तळाला बसणारे पिल्लू दिसले तर ते चतुराचे असते. ते डासांच्या अळ्या खाते, म्हणून ते आपले मित्र आहे. पण सगळे काम त्याच्यावर टाकू नये.

४) पाण्याच्या कडेची भिंत ब्रशने किंवा काथ्याने चारी बाजूंनी घासावी.

५) हौदाजवळ पडलेली करवंटी, फुटका डबा, कुंडीखालची ताटली पालथी करावी. हौद साफ ठेवला आणि करवंटी विसरली तर डास तिथे होतात.

हिरवे पाणी आणि शेवाळ

शेवाळ वाढायला दोन गोष्टी लागतात, एक ऊन आणि दुसरे खत. कुजलेली पाने म्हणजे खतच. म्हणून पाने काढली आणि सावली केली की शेवाळ कमी होते. कमळाची किंवा कुमुदाची पाने पाण्यावर पसरली की सावली होते. निम्मे पाणी पानांनी झाकलेले असावे आणि निम्मे उघडे. सगळेच झाकले तर आतल्या अळ्या दिसत नाहीत. कमळ तळाच्या मातीत न लावता पाटीत किंवा कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात ठेवावी, म्हणजे हौद धुताना उचलता येते.

धाग्यासारखे शेवाळ असेल तर त्यात काठी घालून गोल फिरवावी. शेवया गुंडाळाव्यात तसे ते काठीला गुंडाळून बाहेर येते.

जलपर्णीचे फूल जांभळे आणि सुंदर दिसते, पण ती आणून हौदात टाकू नये. तीही दक्षिण अमेरिकेतनं आलेली आहे. ती इतकी वाढते की नदी आणि तलावसुद्धा झाकून टाकते.

पाणी बदलायचे गणित

सगळे पाणी सारखे बदलू नये. त्यात चांगले बारीक जीवही असतात. महिन्यातून एकदा तिसरा हिस्सा बदलावा. त्याचे गणित असे आहे.

समजा, हौद २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाणी अर्धा मीटर खोल आहे. २ × १ × अर्धा = १ घनमीटर. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर पाणी. त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ३३३ लिटर. १५ लिटरच्या बादलीने सुमारे २२ बादल्या. पण १५ लिटर पाणी १५ किलो भरते. चौथीच्या मुलाला ते जड आहे. म्हणून अर्धी अर्धी बादली घ्यावी, ४४ खेपा होतील. २२ मुले असली तर प्रत्येकी दोन खेपा, मग कुणालाच जड जात नाही.

हे पाणी रस्त्यावर ओतायचे नाही, झाडांना घालायचे. आपल्या सातारा जिल्ह्यात माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यात जत-आटपाडी इकडे पाण्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. हौदाचे जुने पाणी झाडाला चांगलेच असते. पाणी बागेसाठी वापरायची रीत जुनी आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. ती इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली आणि तिचे पाणी मोटेने काढून आमराईला देत.

नवे पाणी विहिरीचे किंवा पावसाचे असेल तर उत्तम. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग घालावे.

वर्षातून एकदा मोठी सफाई

माघ-फाल्गुनात पानगळ होते. ती संपली की मोठी सफाई करावी. तेव्हा बेडकांची अंडी नसतात आणि पावसाळ्याला वेळ असतो. आधी कमळाच्या कुंड्या सावलीत काढाव्यात. दोन बादल्या जुने पाणी बाजूला ठेवावे, म्हणजे चांगले जीव वाचतात. त्या बादल्यांवर फडके बांधावे. बाकीचे पाणी झाडांना घालावे. तळाचा गाळ घमेल्यात भरून झाडांच्या आळ्यांत टाकावा, तो फुकटचे खत आहे. मग भिंती खराट्याने घासाव्यात. साबण वापरू नये. चीर पडली असेल तर मोठ्या माणसांनी सिमेंट लावावे. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून पाणी दोन-तीनदा भरून काढून टाकावे आणि मगच कमळ परत ठेवावे.

काय करू नये

काहीजण म्हणतात, मोरचूद टाका, शेवाळ मरते. सांगलीकडं द्राक्षबागेत मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारतात. ते वेलीच्या रोगासाठी आहे. हौदात मोरचूद टाकला तर बेडूकमासे मरतात आणि ते पाणी पिणाऱ्या पाखरांनाही वाईट. रॉकेल किंवा जळके ऑईलसुद्धा टाकू नये, त्या पाण्यावर मधमाशी बसली की मरते. अळ्या फारच झाल्या तर आरोग्यसेवकांना सांगावे, ते योग्य ते औषध देतात.

हौदात एक तिरका दगड किंवा फळी ठेवावी. खार किंवा पाखरू पाण्यात पडले तर त्यावरून वर येते. अंगणवाडीची मुले बागेत येतात. गुडघाभर पाणीसुद्धा लहान मुलाला धोक्याचे असते. म्हणून हौदाला जाळी किंवा कुंपण असावे. आपणही सफाई एकट्याने करू नये, मोठे माणूस जवळ असावे आणि नंतर साबणाने हातपाय धुवावेत.

सुट्टीत हौद कुणाचा?

आता सर्वांत महत्त्वाचे. शाळा चालू असताना आठवड्याचे काम वर्गावर्गाने होते. पण दिवाळीची सुट्टी दोन आठवड्यांच्या आसपास असते. डासाला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपण लाडू खाऊन परत येईपर्यंत डासांची एक फौज उडून गेलेली असते, आणि ती शाळेजवळच्याच घरांत शिरते. मे महिन्याची सुट्टी तर त्याहून मोठी असते.

यावर दोन उपाय आहेत. मे महिन्यात हौद रिकामा करून, घासून, कोरडा ठेवावा. पाखरांसाठी रोज बदलता येईल असे मातीचे भांडे झाडाखाली ठेवावे. कमळाच्या कुंड्या जवळच्या घरी न्याव्यात, पण त्या बादलीतल्या पाण्यातही आठवड्याला अळ्या बघाव्यात. दिवाळीत मात्र कमळ फुललेले असते, हौद रिकामा करवत नाही. तेव्हा पाळी लावावी. दोन आठवडे म्हणजे दोनच पाळ्या. एका पाळीला एक मूल आणि त्याच्या घरचे एक मोठे माणूस, काम अर्ध्या तासाचे.

आईवडिलांनो, म्हणून या लेखाखाली एक कोरा कागद लावला आहे. त्याला दोरीने पेन्सिल बांधली आहे. ज्यांचे घर शाळेजवळ आहे त्यांनी आपल्या मुलाचे नाव आणि सोयीचा दिवस लिहावा. मासे सुट्टी घेत नाहीत. आपल्या हौदात मासे नाहीत, म्हणून आपण पाळी घ्यायची.

स्वाध्याय

१) डासाच्या अळ्या दर सात दिवसांनी का काढाव्यात?
२) हौद ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाणी अर्धा मीटर खोल असेल तर पाणी किती लिटर?
३) बेडूकमासा आणि डासाची अळी यांतला फरक चित्र काढून दाखवा.
४) आपल्या घराभोवती पाणी साचलेली भांडी मोजा आणि पालथी करा. किती सापडली ते वर्गात सांगा.

एवढे लिहून मी माझा लेख पुरा करते.

— इयत्ता चौथी