जुन्या लॅपटॉपची दुसरी पाळी

चि. भाच्यास,

तुझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि दुकानदार नवा घ्या म्हणतो, हे ताईकडून समजले. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे खरे. पण मशीन काही निकामी झालेले नाही.

तुझे मित्र विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाक म्हणतात. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज फार पुढे गेले आहे. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर तेच चालते. तरी महासंगणकावर चालते म्हणून कॉलेजात अडणार नाही, असे कोणी समजू नये.

म्युनिक महापालिकेने २००३ साली विंडोज सोडायचे ठरवले आणि दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले. पुढे बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव अडू लागली, कर्मचारी कुरकुरू लागले आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स वर्षानुवर्षे टिकून आहे. तिथे पुस्तक, प्रात्यक्षिक आणि परीक्षा सगळे त्याच्याच भोवती बेतलेले.

तेव्हा आधी हे बघ, की तुझ्या फाइली कुणाकडे जाणार आहेत.

सी, पायथॉन, ब्राउझर आणि लिबरऑफिस एवढ्यावर ज्याचे भागते, त्याला लिनक्स मिंट किंवा उबुंटू पुरेसे आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमध्येच मिळतो. ऑटोकॅड, फोटोशॉप किंवा टॅली लागणाऱ्याने विंडोज सोडू नये. यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. ऑनलाइन परीक्षेसाठी काही ठिकाणी वापरतात तो सेफ एक्झाम ब्राउझरही लिनक्सवर चालत नाही. कॉलेजात आधीच विचारून घे.

मग पेनड्राइव्हवर मिंट घे आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू कर. वायफाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का, घरचा प्रिंटर ओळखला जातो का, हे तपास. एखादे वायफाय कार्ड किंवा एनव्हिडियाचे ग्राफिक्स रुसते, ते इथेच कळेल. सगळे जमले तरच पुढे जा, आणि त्याआधी फोटो व प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर उतरव. डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव.

मामाचे मत विचारशील, तर संगणकशास्त्राच्या तुझ्या पहिल्या वर्षाला नवा लॅपटॉप नको. जुन्यात हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसव, रॅम आठ जीबी कर आणि ही सारी उठाठेव सत्र सुरू होण्याआधी उरक.

तुझा,
मामा